मधला खांब

छिन्नीवर आणखी एक घाव बसला आणि मधल्या खांबाचा गिलावा कमरेच्या उंचीपासून खालपर्यंत एकदम सुटून तिच्या पायांशी कोसळला. माधुरी मागे सरली. घमेलं कलंडलं, वायरला लोंबणारा दिवा हलला, आणि धूळ खाली बसेपर्यंत ती हातोडा छातीशी धरून तशीच उभी राहिली. हाताएवढा पोपडा पडेल अशी तिची अपेक्षा होती. भिंतींचा तसाच पडला होता, मुकाट, ठरवल्याप्रमाणे. हे वेगळं होतं. गिलाव्यामागून जे दिसलं त्याला खांब म्हणायला तिची जीभ रेटेना. चार सळया होत्या. त्यातल्या दोन सळयांचे गंजून पापुद्रे सुटलेले, तिसरी मध्येच संपत होती आणि वीतभर खाली पुन्हा सुरू होत होती. तिने बोट लावलं. काँक्रीट बोटाबरोबर आलं. तळहातावर मूठभर भुगा जमला आणि त्या भुग्यात नखाएवढे पांढरे शिंपले होते. ती त्यांच्याकडे बघत असतानाच डोक्यावर, खांब जिथे तुळईला भेटतो तिथे, झोपेत कोणी दात खावेत तसा बारीक आवाज झाला. मग एका रेषेत धूळ खाली आली आणि थांबली.

त्या रेषेच्या बरोबर वर अण्णांची खाट होती.

ती काहीच न करता उभी राहिली. हातोडा खाली ठेवायचा तर तो ठेवतानाही आवाज होईल, धक्का बसेल, असं तिला वाटत होतं. रविवारची सकाळ, दहा वाजून गेलेले. मागच्या दारातून उन्हाचा पट्टा आत आला होता आणि त्यात धूळ सावकाश फिरत होती. मुलुंडला डोंगराच्या बाजूला, कुणालाच नको असलेल्या उताराच्या तुकड्यावर अण्णांनी हे घर बांधलं होतं. रस्त्यावरून बघावं तर साधं बैठं घर. मागे जमीन खाली घसरते म्हणून घराखाली हे तळघर. तीन बाजूंना दगडी भिंती, मध्ये एका ओळीत तीन खांब. पन्नास वर्षं त्यात फळ्या, पिंपं, जुनी कपाटं आणि ओल राहत आली. आई कुरकुरायची, की खाली ठेवलेलं सगळं रडतं. दोन महिन्यांपूर्वी मालाडहून आकाश आला होता, तिचा धाकटा भाऊ, वांद्र्याला मोठ्या कंपनीत असलेला. त्याने मोबाइलच्या उजेडात इथे फेरी मारली आणि वर येऊन म्हणाला, "ताई, घर खालून सडलंय. माझ्या ओळखीचा बिल्डर आहे, त्याला एकदा दाखवूया. अण्णांना मी घेऊन जातो माझ्याकडे." तुझं काय, ते त्याने सांगितलं नव्हतं. तिनेही विचारलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली होती, "घर मजबूत आहे. तळघर मी दुरुस्त करते." तो हसला होता. त्या हसण्यावर तिने आठ रविवार काढले. विमा कंपनीतली नोकरी संपल्यापासून हात रिकामे होते, आणि हातांना हे काम येत होतं, ही गोष्ट तिला स्वतःलाच नवीन होती. तिने मोबाइलवर बघून बघून भिंती खरवडल्या, ओल धरणाऱ्या भेगा भरल्या, गिलावा केला, त्यावर गवंड्याचा रंधा फिरवला. दोन भिंती आता इतक्या गुळगुळीत झाल्या होत्या की संध्याकाळी ती खाली येऊन उगाचच त्यांच्यावरून हात फिरवायची.

आणि तीन रविवारांपूर्वी तिने या खांबावर हातोडीचा दांडा वाजवून पाहिला होता. हे आता तिला आठवायचं नव्हतं. ठणठणीत गिलावा ठक् बोलतो, पोकळ गिलावा ठप् बोलतो, हे अण्णांनीच तिला शिकवलं होतं. ती सात-आठ वर्षांची असताना ते तिला कामावर घेऊन जायचे. ते मुकादम होते, अर्धवट बांधलेल्या जिन्यांवरून तिचं बोट धरून चढायचे आणि एखाद्या भिंतीपाशी थांबून म्हणायचे, "कान लाव. काय म्हणते?" ती म्हणायची, "पोकळ." मग अण्णा गवंड्याला हाक मारायचे. एकदा मालात रेती जास्त घातली म्हणून त्यांनी एका गवंड्याला सगळ्यांसमोर दिवसभराचं काम पाडायला लावलं होतं. तो माणूस रडत होता आणि छोटी माधुरी विटांच्या ढिगावर बसून अभिमानाने पाय हलवत होती. धोंडिराम मुकादमाच्या हाताखालचं काम म्हणजे बघायला नको, असं लोक म्हणायचे आणि ती ते ऐकून मोठी झाली. तीन रविवारांपूर्वी खांब ठप् बोलला होता. तिने पुन्हा वाजवलं नव्हतं. भिंती आधी, असं म्हणून ती वळली होती. आता तिला कळत नव्हतं, हे त्या भुग्याने केलं की तिच्या छिन्नीने. तासाभरात तिने चारही बाजूंनी टवके उडवले होते. आतला खांब कदाचित गिलाव्याच्या आधारानेच उभा असेल, काठीच्या आधाराने माणसं चालतात तसा, आणि तिने तोच सोडवला.

वरून काठी वाजली. दोन ठोके, म्हणजे वर ये.

अण्णा खाटेवर उशीला टेकून बसले होते. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी अंगावर फक्त हाडांचा आराखडा उरला होता, पण कान शाबूत होते. चार महिन्यांपूर्वी मोरीत पडल्यापासून ते वॉकर घेऊन मोरीपर्यंत जात, तेही तिचा हात धरून.

"मधल्याला हात लावलास," ते म्हणाले.

"गिलावा सुटला होता."

"सुटला होता की सोडवलास?"

तिने मूठ उघडून त्यांच्यापुढे धरली. अण्णांनी चष्मा लावला नाही. त्यांनी नुसतं एक बोट त्या भुग्यात फिरवलं आणि हात काढून घेतला.

"वरून जाळी मार आणि गिलावा कर," ते म्हणाले. "सिमेंट जरा जास्त घे. मी असेपर्यंत टिकेल."

"अण्णा, रेती कुठली होती?"

"पाणी दे."

तिने पाणी दिलं. ते अर्धा पेला प्याले, उरलेला हातात धरून बसले. माधुरीच्या पायांचे तळवे जमिनीवर होते आणि सगळं लक्ष तळव्यांत गेलं होतं. फरशी थंड होती, नेहमीसारखी. आपण कुजबुजत बोलतोय, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. "शिंपले आहेत त्यात. ही खाडीची रेती आहे. तुम्ही खाडीची रेती वापरलीत?"

"दुष्काळाच्या पुढचं साल होतं," अण्णा म्हणाले. "नदीची रेती कुठं मिळेना. भाड्याची खोली सोडून दिलेली, पाऊस तोंडावर, तुझ्या आईला सहावा महिना. खाडीवरून तीन बैलगाड्या आणल्या. म्हटलं, धुऊन घेऊ. गोड्या पाण्यात धुतली की खार निघतो."

"कोणी धुतली?"

"चंपानं. तुझ्या आईनं."

माधुरी खाटेच्या कडेला बसली, आणि बसताक्षणी उठली, कारण खाट वाजली. एक आठवण तिच्यापाशी लहानपणापासून होती, जागा नसलेली. पाणी, खूप पाणी. गुडघ्यापर्यंत साडी खोचलेली आई. पायाखाली रेती आणि त्यात आपण शिंपले वेचतोय. ती नेहमी म्हणायची, आपण समुद्रावर गेलो होतो ना, मी चार वर्षांची होते. आई म्हणायची, "समुद्रावर? आम्हाला कधी सवड होती समुद्रावर जायला?" यावरून त्या दोघी हसत, आणि एकदा तर भांडल्यासुद्धा. आई गेली त्या वर्षी हॉस्पिटलात माधुरीने पुन्हा तोच विषय काढला होता. आईने नुसता तिचा हात थोपटला. समुद्र नव्हता. विहीर होती, पिंप होतं, आणि पोटुशी बाई पिंपात फावड्याने रेती ढवळत होती, पाणी ओतून देत होती, पुन्हा ओढत होती. पाणी अंगणातून वाहत डोंगराखाली जात असणार. त्यात चार वर्षांची मुलगी खेळत असणार.

"दोन गाड्या धुतल्या तिने," अण्णा म्हणाले. ते आता तिच्याकडे बघत नव्हते. "दोन्ही कडेचे खांब त्याचेच. तिसऱ्या दिवशी ती खाली बसली ती उठेना. पोटात कळ आली. म्हणाली, जरा थांबते, मग करते. मी म्हटलं, पुरे. तू आता पाण्याला हात लावायचा नाहीस. तिसरी तशीच घातली."

"आणि तिला?"

"तिला सांगितलं, मी धुतली म्हणून."

"तिने विश्वास ठेवला?"

"विचारलं नाही तिनं." त्यांनी पेला खाली ठेवला. "त्या खांबाला मी पन्नास वर्षं गिलावा करतोय. दर पाच-सहा वर्षांनी. तुम्ही शाळेत गेलात की."

तिला राग यायला हवा होता, आणि तो येत होता, पण त्याला धरायला जागा मिळत नव्हती. त्यांनी फसवलं असतं, लबाडी केली असती, तर सोपं होतं. रडणारा गवंडी तिला दिसत होता. त्याच्याही घरी कुणीतरी असेल. आणि पोटात होता आकाश. तेवढ्यात खालून पुन्हा तो आवाज आला. अण्णांनी मान वर केली. दोघेही ऐकत राहिले, आणि तो थांबल्यावरही ऐकत राहिले.

तिने ओट्यापाशी जाऊन दुकानवाल्या बाळाला फोन लावला. मंडईमागे त्याचं जॅक आणि परांचीचं सामान भाड्याने द्यायचं दुकान होतं. भिंती घासायचं मशीन तिने त्याच्याकडूनच आणलं होतं. मालवणकडचा, साठीचा माणूस. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं.

"ताई, खांब आवाज करता?"

"दोनदा केला."

"मगे पयला म्हाताऱ्याक भायर काढ. सामान-बिमान काय घेव नको. मी जॅक घेवन येतंय, अर्धो तास."

आकाशला फोन लावताना तिला स्वतःचा अंगठा दिसला, सिमेंटने पांढरा पडलेला, नखात रेती. दोन महिन्यांत त्याने चार वेळा विचारलं होतं आणि चारही वेळा ती म्हणाली होती, मस्त चाललंय. तिने दोन वाक्यांत सांगितलं.

"कुणाला विचारून तू खांबाला हात लावलास?"

"कुणालाच नाही."

"अण्णा कुठेत?"

"खाटेवर."

"अजून?" तो म्हणाला. आणि मग, "निघालो मी."

'अजून' हा एकच शब्द तिच्या कानात राहिला. ती अण्णांपाशी आली, वॉकर खाटेजवळ ओढला. "चला. बाहेर बसायचं थोडा वेळ."

"मी कुठं जात नाही."

"अण्णा, बाळा येतोय. जॅक लावणार आहे. तोवर नुसतं रस्त्यावर बसायचं."

"चार माणसं येणार, तो खांब बघणार," अण्णा म्हणाले. "बघू दे. मी इथंच आहे. पडायचं असेल तर माझ्यासकट पडू दे, माझंच आहे ते. तू जा बाहेर."

तिने त्यांच्या काखेत हात घातला. त्यांनी खाटेची कड धरली. एवढ्याशा शरीरात इतका जोर कुठून आला कळेना. ती ओढत होती, ते धरून होते, खाटेचे पाय फरशीवर खरवडले आणि तिने घाबरून हात सोडला. दोघांनाही धाप लागली होती. उचलून न्यावं तर तिचं स्वतःचं वय पंचावन्न, गुडघे गेलेले. शेजारी शनिवारपासून गावाला, समोरचं दुकान अजून उघडलेलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे नकाशासारखं सगळं आलं: खाट, फरशी, तुळई, तो भुगा. मग ती काहीच न ठरवता म्हणाली, "बरं."

"कुठं चाललीस?"

"खाली. खांबापाशी बसते. तुम्ही वर, मी खाली."

"माधुरी."

ती थांबली नाही. घराला वळसा घालून, उताराच्या पायऱ्या उतरून ती मागच्या दाराने आत गेली आणि घमेलं उपडं घालून खांबासमोर बसली. यात शौर्य वगैरे काही नव्हतं. लहानपणी जेवणार नाही म्हणून ती अशीच कोपऱ्यात बसायची. समोर उघडा पडलेला खांब आणि त्याच्यामागे तिने केलेली गुळगुळीत भिंत. एवढं चांगलं काम तिने आयुष्यात दुसरं केलं नव्हतं. ती भिंत कशासाठी होती, ते तिला आता बसल्या जागी दिसत होतं आणि बघवत नव्हतं. हे घर गेलं की मालाडच्या फ्लॅटमध्ये अण्णांची एक खोली असेल, आणि तिला कुणीतरी प्रेमाने विचारेल, ताई, तू कुठे राहशील? म्हणून भिंती आधी. म्हणून ठप् ऐकून वळणं. बाप पन्नास वर्षं जे करत आला, तेच तिनेही केलं, फक्त तिला माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी तिने वेगळं काही केलं असतं का, याची तिला खात्री वाटेना. दिव्याखाली धुळीचा एक कण सावकाश उतरत होता. त्याच्याकडे बघत ती मनात म्हणत होती, उठा. उठा अण्णा. आणि त्याच वेळी, नका उठू, एकटे उठलात तर पडाल.

वर खाट वाजली.

मग बराच वेळ काही नाही. मग वॉकरच्या रबरी टोकांचा ठोका आणि त्यामागे पाय ओढल्याचा आवाज. तुळईच्या खालून धूळ सुटली. ती उभी राहिली. ओरडावं तर ते दचकतील, पळत वर जावं तर तोवर ते मध्येच अडकतील. पुन्हा ठोका. पुन्हा पाऊल. ती मान वर करून आवाजाच्या खाली-खाली सरकत होती, जणू खालून त्यांना हात देता येणार होता. चौथ्या पावलानंतर आवाज वळला. दार तर सरळ समोर होतं, खाटेपासून दहा पावलांवर. पण अण्णा दाराकडे चालले नव्हते. ते बाजूला चालले होते. त्यांचा तोल गेला, ते चुकले, असं तिला वाटलं. आवाज कडेच्या दगडी भिंतीपर्यंत गेला, तिथे थांबला, आणि मग भिंतीला लागून, एकेक पाऊल, पुढे निघाला. तेव्हा तिला कळलं. धूळ पडायची थांबली होती. खालचा आधार कुठे आहे आणि कुठे नाही, हे त्या म्हाताऱ्याला पावलापावलाला ठाऊक होतं, आणि ते मुद्दाम लांबचा, दगडावरचा रस्ता घेत होते. दोनदा ते दम खायला थांबले. दोन्ही वेळा तीही थांबली. शेवटी कडी वाजली, उंबऱ्यावर वॉकर आपटला आणि बाहेरून हाक आली, अर्धवट जिन्यांवरून यायची तशी, वरून खाली.

"माधुरी. बाहेर ये आता."

ती आली तेव्हा ते अनवाणी, बंडीवर, फाटकाला धरून उभे होते. तिने त्यांना धरलं. नुकतंच दुकान उघडलेल्या समोरच्या दुकानदाराने न विचारताच खुर्ची आणून दिली.

बाळा टेम्पो घेऊन आला, दोन माणसांबरोबर मागे गेला. लोखंडाचे आवाज येत राहिले. अण्णा ऐकत होते, एकदा म्हणाले, "त्याला सांग, खाली फळी घाल आधी, जॅक नुसता जमिनीवर नको." माधुरी सांगून आली, फळी घातलेलीच होती. तासाभराने बाळा कपाळ पुसत वर आला. "सहा जॅक लायले. आज काय होणा नाय. पण ताई, आत ऱ्हवा नको. इंजिनियराक दाखव, मगे बघ." त्याच सुमाराला आकाशची गाडी आली. तो उतरला तो थेट तळघरात गेला, आणि परत आला तेव्हा त्याचा आवाज चढलेला नव्हता, त्यानेच तिला जास्त भीती वाटली.

"एवढा सडला कसा?" तो म्हणाला. "कडेचे दोन तर चांगले दिसतात. अण्णांच्या हातचा खांब असा?"

"ओल होती," माधुरी म्हणाली. "आणि मी जास्त छिलला. माझंच चुकलं."

"ओल नाही," अण्णा खुर्चीतून म्हणाले. "रेती खारी होती. मी घातली."

दुकानदार आत वळला. बाळाने रुमाल खिशात ठेवला आणि म्हाताऱ्या माणसाशी बोलावं तसा समजुतीने म्हणाला, "तेव्हा सगळेच घालीत, अण्णा."

"मी घालत नव्हतो," अण्णा म्हणाले. "एकदाच घातली."

"पण का, अण्णा?" आकाशने विचारलं. तो त्यांच्यापुढे उकिडवा बसला होता. पन्नाशीचा, पोट सुटलेला, कानांवरचे केस रंगवलेला. अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. इतका वेळ, की माधुरीला वाटलं आता ते सांगतील, आणि तिने दुसरीकडे तोंड वळवलं.

"घाई होती," अण्णा म्हणाले.

आकाशने मान डोलावली, एवढं उत्तर पुरे असल्यासारखी, आणि गाडीचं दार उघडायला गेला.